वाटी आणि टायरमधलं अंतर : डस्टरच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. ओडो (ओडोमीटरचा आकडा) ९१,२४०

गायमुखच्या उतारावर परवा रात्री जो खड्डा बसला, त्याचा हिशोब आज सकाळी लागला. गाडी धुताना डाव्या पुढच्या टायरच्या बाजूला सुपारीएवढा फुगा हाताला लागला. आतले दोरे तुटलेत. असा टायर पंक्चरवाला बरा करत नाही, कुणीच करत नाही. स्टेपनी लावली आणि फुगेवाला टायर डिकीत टाकला.

बाकीचे तीन बघितले तर त्यांच्यातही फार जीव नाही. नक्षीची खोली तीन मिमीच्या आसपास, आणि पुढचा उजवा एका कडेनं जास्त खाल्लेला. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे हे ठीक, पण घोडबंदर रोडवर पावसाळ्यात तीनवर फिरणं म्हणजे साबणावरून चालणं. तेव्हा सगळेच बदलायचे. आणि बदलायचेच आहेत तर मोठे टाकू, हा किडा डोक्यात गेला. त्याचीच ही वही.

गाडीची कुंडली एकदा लिहून ठेवतो. रेनॉ डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह, दीड लिटर डिझेल, ११० पीएस, सहा गिअर मॅन्युअल. कंपनीचा टायर २१५/६५ आर १६, म्हणजे रुंदी २१५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १६ इंची. रिम साडेसहा इंच रुंद, पाच नट, पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) ११४.३ मिमी, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर) ५०, मधलं भोक ६६.१. जमिनीपासूनची उंची कंपनीची २१०; गेल्या दिवाळीत चारही शॉकअपच्या डोक्यावर ३० मिमीचे स्पेसर टाकून उचलून घेतली.

उचलण्याचं कारण सासऱ्यांची जागा. मुरबाड सोडून म्हसा गावापुढे शेवटचे तीन किलोमीटर कच्चे, मध्ये एक ओढा. म्हणजे खरं बोलायचं तर वर्षातले शंभरातले पंच्याण्णव किलोमीटर माजिवडा ते ऐरोली, आणि पाच किलोमीटर चिखल. टायर घेताना हे प्रमाण विसरायचं नाही असं बायकोने बजावलंय. तिचं बरोबर आहे.

१० फेब्रुवारी

रात्री जेवण झाल्यावर गणित केलं. पद्धत सोपी: रुंदीची टक्केवारी दोनदा घ्यायची, त्यात रिमचे मिलिमीटर मिळवायचे.

२१५/६५ आर १६ चा व्यास ६८६ मिमी. २१५/७० घेतला तर ७०७. २२५/७० चा ७२१. आणि ज्याच्यावर माझा डोळा आहे तो २३५/७०, जुन्या थारचा आणि सफारी स्टॉर्मचा टायर, ७३५. हा सगळीकडे मिळतो, दिसतोही दणकट.

गाडी मात्र वाढलेल्या व्यासाच्या निम्मीच उचलली जाते. २३५/७० टाकून जमिनीपासून मिळणार जेमतेम २५ मिमी. २१५/७० टाकून ११. लोक यासाठी रिमसकट सगळं बदलतात! आणि मीही त्याच वाटेवर आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस कणकेचा.

माझी समजूत अशी होती की गाडी ३० मिमी उचलली म्हणजे टायरला ३० मिमी जागा झाली. चाक काढून आत टॉर्च मारली आणि समजूत गळून पडली. पुढच्या शॉकअपवर स्प्रिंग ज्या पत्र्याच्या वाटीत बसते, ती वाटी बरोबर टायरच्या डोक्यावर येते. शॉकअप खाली नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या सांध्याला, बोल्टने आवळलेला. म्हणजे चाक वर गेलं की वाटी वर, चाक खाली आलं की वाटी खाली. स्पेसर बसलाय शॉकअपच्या पार वरच्या टोकाला, त्याने ही जोडी अख्खीच्या अख्खी खाली सरकली. फेंडरच्या कमानीपासून टायर लांब गेला, गाडी पूर्ण दबली तरी तिथे आता जास्त जागा आहे. पण वाटी आणि टायर यांच्यात जेवढं अंतर दिवाळीआधी होतं, तेवढंच आजही आहे. एक केसभर जास्त नाही.

ते अंतर मोजायचं कसं? फूटपट्टी आत जात नाही, बोटं जातात पण बोटांना आकडे नसतात. आईकडून कणकेचा लिंबाएवढा गोळा घेतला, वाटीच्या खालच्या बाजूला तेलाचा हात लावून चिकटवला आणि चाक परत चढवलं. गोळा चेपला. चाक काढून चेपलेल्या जागी काडीपेटीतली काडी खुपसली आणि काडीवरची खूण मोजली: २४ मिमी. मग गाडी जमिनीवर उतरवून, थोडी पुढेमागे हलवून दुसरा गोळा. तोही २४. जॅकवर असो की जमिनीवर, आकडा हलला नाही.

आईचं म्हणणं, एवढी कणीक वाया घालवलीस, दोन पोळ्या झाल्या असत्या. खालच्या कुत्र्यांनी तीही सोडली नाही, ग्रीससकट.

आता गणित परत: २३५/७० ची त्रिज्या २५ ने वाढते, म्हणजे बाद. २२५/७० ची १८ ने वाढते, ६ मिमी उरतात. बसतोय!

२२ फेब्रुवारी, शनिवार

तीन पेट्रोल पंपाच्या बाजूला आणि वागळे इस्टेटमध्ये मिळून चार दुकानं पालथी घातली. रिमवाल्यांच्या दुकानात टायरबद्दल कुणी बोलत नाही, तिथे सगळे मॅगव्हीलच्या चकाकीवर बोलतात.

एकाने १७ इंची, साडेसात रुंद, ऑफसेट ३५ ची रिम काढून दाखवली. "साहेब, ही लावा, गाडी ओळखू येणार नाही." ते खरंच होतं. घरी येऊन कागदावर काढलं. रुंदी एक इंचाने वाढली, ती दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी, म्हणजे १२.७ मिमी. ऑफसेट १५ ने घटला, त्यामुळे अख्खं चाक १५ ने बाहेर. बाहेरची कड जवळपास २८ मिमी फेंडरच्या दिशेने बाहेर सरकणार. फायदा एवढाच की टायर वाटीच्या खालून थोडा बाहेर सुटतो. उंच टायर बसवणारे बरेचजण याच युक्तीने बसवतात. पण मग तोच टायर वळताना फेंडरच्या कडेला आणि मागच्या लायनरला (चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर) शोधत जातो, बेअरिंगवर ताण येतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देतं आणि पावसात दारांवर चिखलाचा सडा. एका जागेची अडचण उचलून दुसऱ्या जागी ठेवायची, त्याचे वर पैसे.

शिवाय ही रिम बाजारातली, तिचं मधलं भोक ७३.१. आपला हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग, ६६.१. मध्ये प्लॅस्टिकची कडी घालावी लागते, नाहीतर चाक फक्त नटांवर केंद्रात बसतं आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. कडी देतो म्हणाला, पण मी विचारल्यावर.

सतरावर २२५/६० घेतला तर व्यास ७०२, आणि टायरची भिंत १३५ मिमी. आत्ताची १४० आहे. सोळावर २१५/७० ची दीडशे. माझा टायर फुगला तो भिंत रिम आणि खड्डा यांच्यात चेमटून. मग भिंत कमी करून मी काय साधणार? दिसणं सोडून उत्तर सापडेना.

सोळाच राहणार. विषय संपला. (संपला असं लिहिलंय, पण त्या काळ्या १७ इंचीचा फोटो अजून मोबाइलमधून काढलेला नाही.)

२ मार्च, रविवार

२२५/७० आर १६ दुकानात कुणाकडे नाही, एकजण मागवून देतो म्हणाला. पुढच्या शनिवारी पैसे द्यायचे.

कायद्याचंही वाचून ठेवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणीतला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. टायर फेंडरच्या बाहेर नको, वजन पेलण्याचा आकडा कंपनीपेक्षा कमी नको, आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं, एवढं माझ्यापुरतं ठरवलं. आज मेल टाकला. लिफ्टबद्दलही (गाडी उचलल्याबद्दल) त्याच मेलमध्ये लिहिलं, जे खरं तर दिवाळीतच लिहायला हवं होतं.

८ मार्च, शनिवार

पैसे द्यायला गेलो आणि न देता परत आलो.

दुकानाचे मालक साताऱ्याकडचे, वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना काका म्हणतात. मी कणकेची गोष्ट रंगवून सांगितली, २४ वजा १८ बरोबर ६. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मग चहाचा ग्लास ठेवून विचारलं, "मोजलं तेव्हा चाकावर टायर कोणता होता?"

"आहे तोच, जुना."

"किती उरलाय?"

"तीन मिमी."

"आणि नवा येतो तेव्हा किती असतो?"

झालं. पुढे ते काही बोललेच नाहीत.

नवा टायर आठ मिमी नक्षी घेऊन येतो. माझ्या टायरची पाच मिमी रस्त्यावर सांडलेली आहे. कागदावरचा ६८६ व्यास नव्या टायरचा. मी कणीक दाबली ती झिजून बारीक झालेल्या टायरवर. म्हणजे वाटीपासूनचं खरं अंतर २४ नव्हे, १९. त्यातून १८ गेले की उरतो एक. एका मिलिमीटरवर अख्ख्या गाडीचं पुढचं चाक! आणि एटी (ऑल टेरेन, डांबर आणि चिखल दोन्हीसाठीच्या) टायरची नक्षी साध्या टायरपेक्षा खोल, त्यात प्रत्येक कंपनीचा टायर छापील मापापेक्षा थोडा इकडेतिकडे. तो एक मिमीही कागदापुरताच.

इंजिनिअर आहे मी. नोकरीत असलं माप कुणी आणलं असतं तर परत पाठवलं असतं.

२१५/७० घेतला तर १९ मधून ११ जाऊन ८ उरतात. काका म्हणाले, "तेवढं ठेवा. चिखलाला पण जागा लागते." ऑर्डर बदलली: योकोहामा जिओलँडर एटी, २१५/७० आर १६, १०० एच. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो. कंपनीचा ९८, म्हणजे ७५०. एच म्हणजे ताशी २१०, त्याची चिंता घोडबंदर रोडवर नसावी.

चार नाही, पाच घेतले. यावर काका जरा चमकले, गिऱ्हाइकं स्टेपनीचे पैसे वाचवतात. पण ही गाडी चारही चाकांवर चालणारी. ७०७ चा टायर किलोमीटरला साडेचारशे फेरे मारतो, जुनी ६८६ ची स्टेपनी ४६४. मागे एका बाजूला ती लावली तर त्या चौदा फेऱ्यांतले सात डिफरन्शियलमधून पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या कपलिंगच्या माथी बसतात. दोन की चार चाकं फिरवायची ते निवडायचा नॉब टू-व्हीलवर असेल तर चालून जाईल. लॉकवर मात्र कपलिंग पुढचं-मागचं एका वेगाने फिरवायला बघणार, आणि रस्ता फिरवू देणार नाही. तापणार, घासणार. आणि लॉकची गरज मला जिथे पडते, तिथेच टायर फुटण्याची शक्यता जास्त. पाच टायर आणि अलाइनमेंट मिळून त्या चार चकचकीत रिमच्या पैशात बसलं.

१४ मार्च

धुळवड. सोसायटीतल्या पोरांनी जुने चारही टायर गुलाबी केले. जाता जाता त्यांचाही सत्कार.

१५ मार्च, शनिवार

रिम तपासून घेतल्या. बॅलन्सिंगच्या मशीनवर नुसती रिम फिरवली की सगळं दिसतं. तीन सरळ. डावी पुढची आतल्या कडेला दबलेली, फिरताना कड लाटेसारखी वरखाली होते. गायमुखचीच कृपा. बाहेरून बघितलं तर काही नाही, म्हणून महिनाभर कळलं नाही.

तापवून ठोकून सरळ करून देणारे पुष्कळ आहेत. लोखंडी रिम असती तर मी दिली असती. अलॉय ठोकली की बारीक तडा जातो, तो रंगाखाली झाकला जातो आणि मग हवा हळूहळू उतरत राहते, नाहीतर पुढच्या खड्ड्यात एकदम तुकडा. पुढच्या चाकाला तर नकोच.

२२ मार्च, शनिवार

कुर्ला, सीएसटी रोड. मेव्हण्याला बरोबर घेतलं कारण घासाघीस मला जमत नाही. पहिल्या दुकानात डिझाइन हुबेहूब. "सेम टू सेम, दाजींना सांगा डोळे झाकून घ्या," दुकानदार मेव्हण्याला म्हणाला. डोळे उघडे ठेवून रिमच्या स्पोकच्या मागच्या बाजूचा मजकूर वाचला, तर ऑफसेट ४५. पाच मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण एकाच एक्सलवर डावं चाक उजव्यापेक्षा पाच मिमी बाहेर, हे मनाला पटेना. तिसऱ्या दुकानात खरी ५० मिळाली. ओरखडे आहेत, कड सरळ आहे. चालेल.

२९ मार्च, शनिवार. ओडो ९२,६१०

चढले.

टायर आल्यावर आधी तारीख बघितली. चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. पाचही याच वर्षातले. आयएसआयची खूण आहे. बाजूवर डोंगर आणि हिमकण छापलेला, म्हणजे हा टायर बर्फातही चालतो. आपल्याकडे डोंगर येऊरचा आणि बर्फ मासळी बाजारातला, पण पैसे त्याचेही दिलेत.

घरच्या वजनकाट्यावर जुनं चाक २०.४ किलो भरलं होतं, नवं २३.१. स्टिअरिंगला पार्किंगमध्ये फरक जाणवतो, चालत्या गाडीत नाही. नट आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने, शेवटी टॉर्क रेंचने. दुकानातला मुलगा एअर गन घेऊन धावत आला होता, त्याला काकांनीच थांबवलं.

अलाइनमेंटच्या मशीनने दिवाळीपासूनचं पाप बाहेर काढलं. गाडी उचलल्यावर टो (वरून बघता चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) बिघडतो, हे मला ठाऊक होतं. मी तेव्हा फक्त "गाडी सरळ चालते" एवढ्यावर समाधान मानलं होतं. उजवा टायर कडेने खाल्ला गेला तो यामुळे. टो सरळ झाला. पुढच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा उभ्यातला कल) वाढलाय, पण कंपनीने तिथे फिरवायला काही दिलेलंच नाही. आहे तो मर्यादेत आहे म्हणून सोडून दिला.

नवी स्टेपनी डिकीच्या तळातल्या खड्ड्यात बसते, पण वरचं झाकण बोटभर उचललेलं राहतं. सोसायचं.

रात्री कणीक. आईने या वेळी न बोलता दिली. ७ मिमी.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर आई खाली आली, चारही चाकांना हळदकुंकू, टायरखाली लिंबू. "पाचवं कुठंय?" म्हणाली. डिकी उघडून स्टेपनीलाही कुंकू लावलं. नवीन टायर पहिले काही दिवस गुळगुळीत असतात, साच्यातून काढायचा लेप असतो वर, म्हणून मी हळू चालवत होतो. तिला वाटलं लिंबाचा गुण.

५ एप्रिल, शनिवार

नट परत आवळले, शंभर किलोमीटर झाल्यावर आवळायचेच असतात. एक नट पाव फेरा आत गेला.

सोसायटीच्या रॅम्पवर उलटं घेताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना "खस्स" आवाज. पुढच्या चाकाच्या मागे प्लॅस्टिकचं लायनर आणि चिखलपट्टी जिथे मिळतात, तिथे टायर पुसट घासतोय. काळा चकचकीत पट्टा उमटलाय, दोन बोटं रुंद. हीदेखील लिफ्टने न सुटणारी जागा, कारण टायर इथे वर नाही, मागे वाढलाय. चिखलपट्टी कटरने अर्धा इंच कापली, लायनरची क्लिप काढून ते मागे ओढून नव्या भोकात बसवली. आवाज बंद. दहा रुपयांची क्लिप.

१९ एप्रिल

स्पीडोमीटरचा काटा शंभर दाखवतो तेव्हा मोबाइलचा जीपीएस ९८. पूर्वी जीपीएस ९५ दाखवायचा. काटा मुळात वाढवून सांगत होता, आता खऱ्याच्या जवळ आलाय. ओडोमीटर मात्र तीन टक्क्यांनी कमी मोजतो, म्हणून ॲव्हरेज काढताना किलोमीटर १.०३ ने गुणायचे. ते विसरून आठवडाभर उगाच हळहळत होतो. गुणल्यावरही थोडं पडलंच आहे, जड टायर आणि उघडी नक्षी. पहिला गिअर या गाडीला मुद्दाम आखूड दिलाय, त्यामुळे चढावर उचल तशीच. सहाव्यात सत्तरवर असताना पाचवा आठवतो.

आवाज आहे. साठच्या पुढे दूर कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा. बायको म्हणते गाणी लाव.

१ जून, रविवार. ओडो ९४,८८०

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन धडकला. त्यामुळे परीक्षा ठरवण्याआधीच समोर.

म्हसा गावापर्यंत डांबर, पुढे लाल चिखल. टायरची हवा बावीस पीएसआयवर उतरवली, नॉब लॉकवर. जिथे मागच्या जुलैत ट्रॅक्टर बोलवावा लागला होता, त्या वळणावर गाडी एकदा डोलली आणि निघाली. ओढ्यात पाणी पोटरीएवढं, आधी चालत जाऊन बघितलं. दगडावर पोट घासलं नाही. सासरे छत्री घेऊन बांधावर उभे होते, म्हणाले, "आवाज कसला येतोय, जावईबापू?"

मला तोपर्यंत इंजिनच्या आवाजात कळलं नव्हतं. खर्र, खर्र, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला. खाली वाकून बघितलं. वाटी आणि टायरच्या मधल्या सात मिमीत लाल चिखल आणि बारीक खडी ठासून भरलेली, विटेसारखी घट्ट, आणि टायर तिच्यावर घासत फिरतोय. आणखी पाच किलोमीटर गेलो असतो तर नव्या नक्षीला गोल चर पडली असती.

पावसात अर्धा तास उकिडवा बसून दोन्ही बाजूंचा चिखल स्क्रूड्रायव्हरने उकरला. सासऱ्यांनी छत्री धरली, बॅटरी धरली, आणि एक अक्षर बोलले नाहीत. परतीला ओढा ओलांडल्यावर थांबून परत उकरला, त्या वेळी दहा मिनिटांत झालं. मग डांबराच्या तोंडाशी कंप्रेसर लावून हवा भरली.

काकांना फोन करून आभार मानावेत की काय असं क्षणभर वाटलं, २२५ न घेऊ दिल्याबद्दल.

२ जून

वॉचमनची तक्रार: पार्किंगमध्ये शेत आणलंत. पाइप लावून धुतली. वाटीच्या कडेचा रंग खरवडला गेलाय, तिथे गंजविरोधी रंगाचा हात दिला. तो लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घरी हत्यारांच्या पेटीत न ठेवता ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात टाकलाय. टायरांची पाचजणांची अदलाबदल १,००,००० ला.